रसिकाचं बिनव्याजी कर्ज

कॅनडाच्या पश्चिम टोकाला, डोंगरांनी वेढलेल्या पेम्बर्टन या गावात २०१७ च्या जुलैमध्ये चार दिवसांचा संगीत महोत्सव व्हायचा होता. १८ मेला आयोजकांनी दिवाळं काढलं. तोवर तिकीटविक्रीतून ऐंशी लाख डॉलरहून जास्त रक्कम जमा झाली होती आणि ती खर्चूनही झाली होती. दिवाळखोरीचा कारभार ज्यांच्या हाती आला त्यांनी तिकीटधारकांना कळवलं, की परतावा आपोआप मिळणार नाही. क्रेडिट कार्डावर पैसे भरले असतील तर आपापल्या बँकेकडे तक्रार करा, नाहीतर विनातारण धनको म्हणून दावा दाखल करा. म्हणजे तारण घेऊन कर्ज देणारे आधी. त्यांचं भागल्यावर काही उरलंच, तर मंचवाले, कुंपणवाले, संडासवाले यांच्या रांगेत तिकीटवाल्यांनी उभं राहायचं. मित्रमंडळींसोबत तंबू ठोकून गाणी ऐकायला निघालेल्या पोरापोरींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की आपण नुसतं गिऱ्हाईक नव्हतो. आपण सावकारी करत होतो, आणि तीही काहीही गहाण न ठेवून घेता.

त्याच वर्षी, तीन आठवडे आधी, बहामातला फायर फेस्टिव्हल फसला होता. तो सगळ्या जगाला पाठ आहे. बेटावर आलिशान मुक्कामाची जाहिरात, प्रत्यक्षात ओल्या गाद्या आणि पावाच्या दोन कापांबरोबर चीजचा तुकडा. बिली मॅकफार्लंड या आयोजकाला २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यावर दोन माहितीपट निघाले. लोकांना खलनायक आवडतात, म्हणून फायर लक्षात राहिला आणि पेम्बर्टन विसरला गेला. मला पेम्बर्टन जास्त महत्त्वाचा वाटतो. फायरच्या मुळाशी फसवणूक होती. पेम्बर्टनमध्ये जे झालं ते या धंद्याच्या रोजच्या चालीत बसणारं होतं, फक्त तोल गेला.

ही चाल समजून घेतली पाहिजे. मोठ्या महोत्सवाचं काम वर्षभर आधी सुरू होतं. नाव असलेला कलाकार करारावर सही करतानाच मानधनाचा मोठा भाग मागतो, बऱ्याचदा निम्मा, आणि उरलेला भाग मंचावर पाय ठेवण्याआधी. मैदान, मंच, ध्वनियंत्रणा, दिवे, जनरेटर, तात्पुरते संडास, सुरक्षारक्षक, रुग्णवाहिका या प्रत्येकाला ॲडव्हान्स लागतो. प्रायोजक हप्त्याहप्त्याने देतात, आणि शेवटचा हप्ता बहुधा कार्यक्रम पार पडल्यावर. दारू आणि खाण्याच्या स्टॉलची कमाई तर त्या तीन-चार दिवसांतच. मग वर्षभर गाडा ओढायचा कशावर? आगाऊ विकलेल्या तिकिटांवर. ‘अर्ली बर्ड’ची जी काही सवलत मिळते तेवढंच रसिकाच्या पदरात पडणारं व्याज. बाकीच्यांचं सगळं कर्ज बिनव्याजी. अनेक ठिकाणी या वर्षीच्या तिकिटांतून गेल्या वर्षीची देणी भागवली जातात. दोन वर्षं बरी गेली तर हे कुणाला कळतही नाही. एक वर्ष पावसाने खाल्लं की सगळं उघड्यावर येतं.

म्हणून महोत्सव रद्द झाल्याची बातमी ज्या दिवशी येते, त्या दिवशी तो रद्द झालेला नसतो. तो कधीतरी आधीच, कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीत किंवा एखाद्या सरकारी टेबलावर रद्द झालेला असतो. रसिकाला ते सगळ्यात शेवटी कळतं.

याचं सगळ्यात सविस्तर उदाहरण वुडस्टॉकच्या पन्नाशीचं आहे. १९६९ च्या मूळ महोत्सवाच्या आयोजकांपैकी मायकेल लँग यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन इथल्या मोटार शर्यतींच्या मैदानावर सोहळा ठरवला. जे-झी, मायली सायरस, द किलर्स अशी नावं जाहीर झाली. २२ एप्रिलला तिकीटविक्री सुरू होणार होती, ती पुढे ढकलली गेली, कारण एवढ्या गर्दीला एकत्र येण्यासाठी लागणारा परवानाच हातात नव्हता. २९ एप्रिलला पैसा पुरवणाऱ्या डेंटसू या जपानी जाहिरात कंपनीच्या शाखेने अंग काढून घेतलं आणि महोत्सव रद्द झाल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. खात्यातले १ कोटी ७८ लाख डॉलरही तिने काढून घेतले. लँग कोर्टात गेले. न्यायाधीशांनी निकाल दिला, की महोत्सव रद्द करण्याचा अधिकार कंपनीला नव्हता, मात्र पैसे परत करण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही. महोत्सव कायद्याने जिवंत होता, पैशाने मेलेला. जूनमध्ये वॉटकिन्स ग्लेनने मैदान नाकारलं. त्याच राज्यातल्या व्हर्नन गावाने परवाना नाकारला, पुन्हा अर्ज केला तर पुन्हा नाकारला. जुलैअखेर सोहळा मेरिलँडमधल्या एका खुल्या रंगमंचावर न्यायचं ठरलं, तर कलाकारांच्या लक्षात आलं की आपले करार त्या जागेसाठी नाहीतच. एकेक करून ते मोकळे झाले. ३१ जुलैला लँग यांनीच शेवट जाहीर केला. तिकीट एकही विकलं गेलं नव्हतं. रसिकांच्या दृष्टीने ही त्यातल्या त्यात स्वच्छ फजिती.

गंमत अशी, की १९६९ चा वुडस्टॉकही आजच्या नियमांत कधीच बसला नसता. ठरलेल्या वॉलकिल गावाने महिनाभर आधी परवानगी नाकारली, मग बेथेलमधल्या मॅक्स यास्गर या दूधवाल्याच्या शेतात सगळं हलवलं, कुंपण वेळेत पुरं झालं नाही आणि शेवटी महोत्सव फुकट करावा लागला. लाखो माणसं, अपुरं पाणी, अपुरे संडास. त्या चिखलाची आता दंतकथा झाली आहे. आज आरोग्य खात्याचा साधा निरीक्षकही तो पहिल्या दिवशी बंद पाडेल, आणि त्याचं बरोबर असेल.

वुडस्टॉकची पन्नाशी फसली त्याच्या एक वर्ष आधी याच वॉटकिन्स ग्लेनमध्ये काय झालं ते पाहण्यासारखं आहे. फिश या अमेरिकन बँडचा ‘कर्व्हबॉल’ हा तीन दिवसांचा महोत्सव १७ ऑगस्ट २०१८ ला सुरू होणार होता. आदल्या दिवशी हजारो चाहते गाड्या लावून, तंबू ठोकून तयार होते. तेवढ्यात निरोप आला: परिसरात पूर येऊन गेल्याने पिण्याच्या पाण्याची शाश्वती नाही, महोत्सव रद्द. फिशचे चाहते म्हणजे या बँडमागे गावोगाव हिंडणारी जमात. त्यांना तिकिटाचे पैसे परत मिळाले. पण पंधरा-पंधरा तास गाडी हाकत आलेल्या माणसाला परत तेवढंच अंतर काटायचं होतं, आणि त्या पेट्रोलचा परतावा कुठल्याच तिकिटावर लिहिलेला नसतो.

असं रद्द करण्याबद्दल मात्र कुणी कुरकुर करू नये. १८ ऑगस्ट २०११ ला बेल्जियममधल्या पुकेलपॉप महोत्सवावर अचानक वादळ कोसळलं. मांडव पडले, झाडं पडली, पाच माणसं गेली आणि उरलेला महोत्सव थांबवावा लागला. आयोजकांकडे सगळ्यांचे पैसे परत करण्याइतकी रक्कम नव्हती. त्यांनी वेगळा मार्ग काढला. त्या वर्षीच्या तिकीटधारकांना पुढच्या काही वर्षांत महोत्सवातच खाण्यापिण्याची कूपनं दिली. लोकांनी ती स्वीकारली, पुढल्या वर्षी ते आले आणि पुकेलपॉप आजही होतो. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत दुइसबुर्गला लव्ह परेडमध्ये एका बोगद्याच्या तोंडाशी चेंगराचेंगरी होऊन एकवीस माणसं मेली, आणि तो महोत्सव कायमचा संपला. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात ५ नोव्हेंबर २०२१ च्या चेंगराचेंगरीत दहा जण गेले. गर्दीचा अंदाज, बाहेर पडण्याच्या वाटा, वाऱ्याचा वेग या गोष्टी ज्याला वेळेवर दिसतात आणि जो तोटा सोसून ‘नाही’ म्हणतो, त्या आयोजकाचं नाव आपल्याला कधी कळत नाही. घडून गेलेल्या दुर्घटनेची बातमी होते, टळलेलीची होत नाही.

आता विम्याची गोष्ट. २०२० पर्यंत रसिकांना वाटायचं की एवढ्या मोठ्या कार्यक्रमाचा विमा असणारच. असतो. पण कशाचा, हे विचारायचं राहून जातं. टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात दर मार्चला भरणारा ‘साउथ बाय साउथवेस्ट’ हा महोत्सव सुरू व्हायला आठवडा असताना, ६ मार्च २०२० ला, शहराच्या महापौरांनी आपत्ती जाहीर केली आणि तो थांबला. आयोजकांनी दहशतवादाचा, हवामानाचा, मालमत्तेच्या नुकसानीचा विमा उतरवला होता. संसर्गजन्य रोगाचा नव्हता. तिकिटांचे पैसे परत मिळणार नाहीत, पुढच्या एखाद्या वर्षी या, असं सांगितल्यावर लोक कोर्टात गेले. संस्थेने तिसरा हिस्सा कर्मचारी कमी केले. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनने मात्र टेनिस स्पर्धा रद्द करून विम्याची मोठी रक्कम वसूल केली, कारण ते वर्षानुवर्षं साथीच्या कलमाचा हप्ता निमूट भरत आले होते. त्यानंतर विमा कंपन्यांनी हे कलमच पॉलिसीतून काढून टाकलं. ब्रिटनमध्ये महोत्सवांचे आयोजक संसदेच्या समितीपुढे जाऊन सांगत राहिले, की विमा नसेल तर आम्ही बयाणा देण्याची जोखीमच घेऊ शकत नाही. सरकारने ७५ कोटी पौंडांची पुनर्विमा योजना जाहीर केली ती ऑगस्ट २०२१ मध्ये. तोवर उन्हाळा संपत आला होता.

ग्लास्टनबरीची रीत या सगळ्यांत वेगळी. सॉमरसेटमधल्या मायकेल ईव्हिस यांच्या वर्दी फार्म या गोठ्याच्या शेतावर १९७० पासून हा महोत्सव चालतो. पहिल्या वर्षी तिकीट एक पौंड होतं आणि त्यात दूध फुकट. इथे तिकीट घेताना पूर्ण किंमत भरावी लागत नाही, आधी अनामत आणि उरलेली रक्कम वसंतात. तिकिटावर फोटो असतो, काळ्या बाजाराची सोय नाही. पन्नासावं वर्ष साजरं करायला २०२० ची तिकिटं ऑक्टोबर २०१९ मध्ये अर्ध्या तासाच्या आसपास संपली, आणि मार्चमध्ये महोत्सव रद्द झाला. मग २०२१ चाही गेला. पण पन्नास पौंडांची अनामत ठेवणाऱ्यांनी बहुसंख्येने ती परत मागितली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये धरलेली जागा त्यांनी जून २०२२ मध्ये वापरली. याला मी अंधभक्ती म्हणणार नाही. दर काही वर्षांनी ग्लास्टनबरी स्वतःहून एक वर्ष सुट्टी घेतो, म्हणजे जमिनीला विश्रांती आणि गाईंना गवत. २०१२, २०१८, २०२६ ही अशी पडीक वर्षं. २०१२ ला ऑलिम्पिकमुळे पोलीस आणि तात्पुरते संडास दोन्ही मिळणं अवघड होतं, तेही एक कारण होतंच. २००१ मध्येही तो झाला नव्हता, कारण आदल्या वर्षी कुंपणावरून उड्या मारून आत शिरलेल्यांची गर्दी धोक्याच्या पलीकडे गेली होती. २००२ ला भक्कम कुंपण उभारून मगच दारं उघडली. ज्या आयोजकाने आधीच ‘यंदा नाही’ म्हणायची सवय ठेवली आहे, त्याचं ‘यंदा जमलं नाही’ लोक ऐकून घेतात.

आपल्याकडची गोष्ट निघाली की पहिलं नाव सनबर्नचं. २००७ मध्ये गोव्यात कांदोळीला सुरू झालेला हा महोत्सव २०१६ ला पुण्याजवळ केसनंदला आला, पुढे परत गोव्यात गेला, २०२० ला महामारीत बुडाला. २०२४ मध्ये तो दक्षिण गोव्यात होणार असं जाहीर झालं आणि गावोगाव विरोध उभा राहिला. आमदार उठले. सरकारने परवानगी दिलेलीच नसताना विक्री कशी काय सुरू झाली, असा सवाल निघाला. शेवटी डिसेंबरात तो उत्तरेला, पेडणे तालुक्यातल्या धारगळला झाला. तिथेही ग्रामस्थांचा विरोध, पंचायतीत थोडक्या मतांनी सुटलेला ना हरकत दाखला आणि उच्च न्यायालयाची पायरी. पहिल्याच दिवशी एक तरुण कोसळून दगावला. २०२५ मध्ये सनबर्नने गोवा सोडून मुंबई गाठली.

इथे रसिकाची बाजू मांडताना मी थोडा अडखळतो. दिल्ली-बंगळूरहून विमानाचं तिकीट काढून बसलेल्या तरुणाला महोत्सवाची जागा बदलली तर चीड येणं साहजिक आहे. पण धारगळच्या माणसाने तिकीट काढलेलं नसतं. त्याच्या वाट्याला येतो तो रस्त्यावरचा खोळंबा, छातीत धडधडणारा बास आणि चौथ्या दिवशी शेतात उडत आलेलं प्लास्टिक. नाताळात गोव्याला तशीच पाण्याची ओढाताण असते. परवानगी हा या माणसाचा एकमेव हक्क आहे. पोलीस, अग्निशमन, विद्युत निरीक्षक, उत्पादन शुल्क, पंचायत किंवा महापालिका, ध्वनिक्षेपकाचा परवाना, ही यादी आयोजकांना जाचक वाटते. कागद अडवून ठेवण्यामागे कुणाचे काय हेतू असतात हेही सगळ्यांना ठाऊक आहे. पण सगळे दाखले हातात पडण्याआधी तिकिटं विकायची आणि मग ‘इतके हजार लोक येणार आहेत, आता कसं थांबवणार’ म्हणत प्रशासनापुढे त्याच लोकांचं ओझं ठेवायचं, ही युक्ती आहे. तिच्यात रसिकाचा पैसा तर वापरला जातोच, त्याची गर्दीसुद्धा वापरली जाते.

आता पुण्याकडे. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला. २०१९ मध्ये तो सदुसष्टावा होता. १९५३ पासून मोजून पाहा, एकही वर्ष गळलेलं नाही. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्याला घेरलं होतं, देशातला पहिला बळी इथेच गेला होता. तेव्हा डिसेंबरचा महोत्सव जानेवारी २०१० मध्ये झाला, पण झाला. जानेवारी २०११ मध्ये भीमसेनजी गेले, महोत्सवाच्या नावात त्यांचं नाव आलं आणि डिसेंबरात मांडव पुन्हा उभा राहिला. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, या २००० सालच्या नियमांनी रात्र-रात्र चालणारी मैफल संपवली, पहाटेचे राग दुपारच्या सत्रांत शोधायची वेळ आली. तक्रारी झाल्या, लोक येत राहिले. २०१८ मध्ये रमणबागेतून मुकुंदनगरला जागा हलली. पेठेतल्या मंडळींनी आता काय ते गाणं उरलं म्हणून नाकं मुरडली आणि पहिल्या दिवशी वेळेआधी जाऊन बैठकीत जागा धरली.

अशा या महोत्सवाचं अडुसष्टावं वर्ष उजाडलं ते डिसेंबर २०२२ मध्ये. मधली दोन वर्षं कोरी.

सवाई झाला नाही तेव्हा तिकिटापायी कुणाचा रुपया बुडाला नाही. त्याची विक्री महोत्सवाच्या काही आठवडे आधी सुरू होते, वर्षभर आधी नाही. परदेशी एजंटाला डॉलरमध्ये बयाणा द्यायचा नसतो. आर्य संगीत प्रसारक मंडळ ही संस्था तो भरवते, पुढच्या वर्षीच्या तिकिटांवर या वर्षीची देणी फेडणारी कंपनी नव्हे. परताव्याचा प्रश्नच उद्भवला नाही. माझं म्हणणं असं, की तरीही या लेखात आलेल्या सगळ्या रद्द महोत्सवांत सगळ्यात मोठं नुकसान सवाईच्या श्रोत्यांचं झालं.

त्या दोन-अडीच वर्षांत काय काय गेलं ते पाहा. १७ ऑगस्ट २०२० ला पंडित जसराज. जानेवारी २०२१ मध्ये उस्ताद गुलाम मुस्तफा खान. २५ एप्रिल २०२१ ला दिल्लीत कोविडने पंडित राजन मिश्र. त्यानंतर आठवड्याच्या आत सतारिये देबू चौधुरी. जानेवारी २०२२ मध्ये बिरजू महाराज. मे २०२२ मध्ये शिवकुमार शर्मा. राजन-साजन ही जोडी पुण्याच्या श्रोत्यांनी इतकी वर्षं एका नावासारखी उच्चारली होती. मांडव पुन्हा लागला तेव्हा त्यातलं एकच नाव उरलं होतं. पॉपच्या महोत्सवात मुख्य कलाकार या वर्षी आला नाही तर पुढल्या वर्षी येईल अशी आशा असते. अभिजात संगीताच्या बैठकीत मंचावरचा माणूस पंच्याहत्तरीचा असतो आणि समोरचाही. त्याला ‘पुढच्या वर्षी’ म्हणून सांगणं सोपं, ऐकणं अवघड.

आणि समोरचा. सवाईचा श्रोता ही एक वेगळीच व्यक्ती. धारवाड-हुबळीहून, कोल्हापूर-सांगलीहून, मुंबईहून नातेवाइकांकडे मुक्कामाला येणारी. डिसेंबरचा तो आठवडा घरच्या कॅलेंडरात वर्षाच्या सुरुवातीलाच राखून ठेवणारी. थर्मास, शाल, उशीएवढी पिशवी, भारतीय बैठकीतली ठरलेली जागा, आणि शेजारी दरवर्षी भेटणारा, ज्याचं आडनावही धड माहीत नाही असा माणूस. याच्याशी वर्षातून एकदा बोलणं होतं आणि ते तानांबद्दल होतं. २०२२ मध्ये अशा कित्येक शेजारच्या जागांवर दुसरी माणसं बसली. कोण घरी राहिलं, कोण गेलं, ही चौकशी करायला फोन नंबर कुणाकडेच नव्हता. महामारीत गाणं थांबलं नव्हतं. कलाकार घरून, मोबाईलपुढे बसून गात होते, आणि श्रोतेही मनापासून ऐकत होते. पण समेवर येताना एकाच वेळी मान हलवणारी माणसं पडद्यावर आणता येत नाहीत, आणि गवयाला त्यांचीच गरज असते. गायलेली जागा पोहोचली की नाही हे त्याला तिथेच कळतं.

मांडवाच्या मागेही एक दुनिया असते. मांडव बांधणारे, ध्वनिव्यवस्थेची माणसं, तबलेवाल्यांच्या पुड्या दुरुस्त करणारे, तानपुरा जुळवून देणारे, पिठलं-भाकरीचा स्टॉल लावणाऱ्या बाया. यांतल्या कुणाचा ना विमा, ना करार. दोन हिवाळे काम नाही म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या ज्यांनी रिक्षा घेतली, ज्यांनी गाव गाठलं, त्यांनाच विचारावं.

परताव्याबद्दल आपल्याकडे आणखी एक समजूत आहे, की ॲपवरून पैसे आले म्हणजे हिशेब मिटला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अरिजित सिंगचा चेन्नईतला कार्यक्रम रद्द झाला, तिकिटांचे पैसे परत देण्याचं जाहीर झालं, आणि त्या दुःखाच्या दिवसांत कुणीही वाद घातला नाही. ते योग्यच होतं. पण सर्वसाधारणपणे पाहिलं तर तिकीट हा खर्चाचा एक तुकडा असतो. लॉजचं आगाऊ भाडं, रेल्वेचं किंवा विमानाचं आरक्षण, कचेरीतून मिळवलेली रजा, कन्व्हिनियन्स फी, हे सगळं रसिकाच्या खात्यावर. तिकिटामागच्या बारीक अक्षरात आयोजकांनी कलाकार, जागा, वेळ, तारीख यांपैकी काहीही बदलण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो. ग्राहक न्यायालयाचा रस्ता आहे, पण चार हजारांच्या तिकिटासाठी किती जण तो चढतात?

म्हणून लोकांनी आपल्यापुरता उपाय शोधला आहे. तिकीट उशिरा घ्यायचं. जागा पक्की दिसली, परवानगीची बातमी आली, हवामानाचा अंदाज बरा निघाला, की मग शेवटच्या आठवड्यात. शहाणपणाचंच आहे, आणि या शहाणपणानेच महोत्सव मरायला लागले आहेत.

ऑस्ट्रेलियातल्या बायरन बेजवळचा ‘स्प्लेंडर इन द ग्रास’ हा तिथल्या तरुणांचा लाडका महोत्सव. २०२० आणि २०२१ ला महामारीत गेला. तिकिटं सांभाळून बसलेले लोक २०२२ च्या जुलैमध्ये पोहोचले, तर पावसाने मैदानाचा राडा झालेला. गाड्यांच्या रांगेत अख्खी रात्र काढल्यावर समजलं की पहिल्या दिवसाचे मुख्य मंचांवरचे कार्यक्रम रद्द. २०२३ ला विक्री रोडावली. २०२४ साठी कायली मिनोगचं नाव घेऊन मार्चमध्ये विक्री सुरू झाली आणि आठवडाभराच्या आत, २७ मार्चला, आयोजकांनी महोत्सवच रद्द केला. विक्रीचा पहिला आठवडा पाहून त्यांना कळून चुकलं होतं. त्याच्या आधी दीड महिना ‘ग्रूव्हिन द मू’ हा गावोगाव फिरणारा महोत्सव याच कारणाने गेला. तिथल्या सरकारी कला संस्थेच्या पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये तिसऱ्या हिश्शाहून जास्त महोत्सव तोट्यात होते, आणि १८ ते २४ या वयाच्या तिकीट घेणाऱ्यांचं प्रमाण महामारीआधीच्या ४१ टक्क्यांवरून २७ वर आलं होतं. ज्या पिढीने अठराव्या वर्षी पहिल्या महोत्सवाला जायचं, ती अठरा वर्षांची झाली तेव्हा घरात बंद होती. सवय लागायचं वयच निघून गेलं.

उलट बाजूला, जिथे लोक अजून आगाऊ तिकीट घेतात तिथेही चित्र बदललं आहे. कॅलिफोर्नियातल्या कोचेलाने २०२५ साठी तिकिटाचे हप्ते पाडून दिले, आणि साधं तिकीट घेणाऱ्यांपैकी सुमारे साठ टक्क्यांनी ती सोय वापरली. सोयीचं शुल्क वेगळं. आता महोत्सवाला वर्षभर आधी पैसे पुरवणारा रसिक ते स्वतःच हप्त्याने उभे करतो.